अमेरिकेतील उपनगरी रेल्वेपुढील अडचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सी, बे एरिया (सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर), शिकागो, बॉस्टन या भागांत राहणारी अनेक मराठी माणसे कामावर जाण्यायेण्यासाठी रेल्वेवर अवलंबून आहेत. नव्याने आलेले लोक या गाड्यांबद्दल बहुधा तेच ते प्रश्न विचारतात: गाड्या उशिरा का धावतात, तिकीट इतके महाग का, आणि दुपारी किंवा रविवारी गाडीच का मिळत नाही. खालील उत्तरे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही रेल्वे प्रामुख्याने सकाळी उपनगरातून शहरात जाणे आणि संध्याकाळी परतणे या एकाच प्रवासासाठी घडवली गेली, आणि तिचे रूळ, तिचे कर्मचारी, तिची वाहनतळे व तिचा पैसा आजही त्याच प्रवासाभोवती बांधलेला आहे. तो प्रवास आता पूर्वीइतका उरलेला नाही.

या गाड्या कोण चालवते? ही सरकारी रेल्वे आहे की खाजगी?

चालवणाऱ्या संस्था बहुतेक ठिकाणी सार्वजनिक आहेत, परंतु त्या केंद्र सरकारच्या नसून राज्याच्या किंवा काही काउंट्यांनी मिळून स्थापन केलेल्या असतात. न्यूयॉर्क परिसरात लाँग आयलंड रेल रोड, मेट्रो-नॉर्थ आणि एनजे ट्रान्झिट, फिलाडेल्फियात सेप्टा, शिकागोत मेट्रा, बॉस्टनमध्ये एमबीटीए, लॉस एंजेलिसमध्ये मेट्रोलिंक आणि सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे मार्गावर कॅलट्रेन, अशी ही व्यवस्था आहे. गाडी एका संस्थेची, रूळ दुसऱ्या संस्थेचे आणि स्थानकाबाहेरचे वाहनतळ तिसऱ्याच्या, म्हणजे बहुधा स्थानिक नगरपालिकेच्या मालकीचे, असेही पुष्कळदा असते. त्यामुळे तक्रार नेमकी कोणाकडे करावी हे प्रवाशाला कळेनासे होते.

पूर्वी खाजगी कंपन्या या गाड्या चालवत होत्या, तर त्या सरकारकडे कशा आल्या?

१९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारायला सुरुवात झाली आणि त्याच्या खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्राने उचलला. रेल्वे कंपन्यांना मात्र स्वतःच्या रुळांची देखभाल स्वतः करून वर मालमत्ताकर भरावा लागत होता. उपनगरी प्रवासी मोटारींकडे वळले, मालवाहतूक ट्रककडे गेली, आणि १९७० मध्ये पेन सेंट्रल ही अवाढव्य कंपनी दिवाळखोरीत निघाली. १९७१ मध्ये लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांसाठी अ‍ॅमट्रॅकची स्थापना झाली. ईशान्येतील बुडीत कंपन्या एकत्र करून स्थापलेल्या कॉनरेलकडे काही वर्षे उपनगरी गाड्याही होत्या, त्या १९८३ मध्ये राज्यांच्या संस्थांकडे सोपवण्यात आल्या. या संस्थांच्या पदरात पडले ते अनेक दशके देखभालीविना राहिलेले रूळ, पूल, तारा आणि डबे. आजच्या अनेक दुखण्यांचे मूळ या वारशात आहे.

एडिसन, मेटाचन, प्रिन्स्टन जंक्शनहून न्यूयॉर्कला जाणारी गाडी इतक्या वेळा का खोळंबते?

या मार्गावर एकाही दुव्याला पर्याय नाही, हे याचे थोडक्यात उत्तर. न्यू जर्सीहून मॅनहॅटनच्या पेन स्टेशनला जाणारी प्रत्येक गाडी हडसन नदीखालच्या दोन नळ्यांपैकी एकीतून जाते. पेनसिल्व्हेनिया रेल रोड या कंपनीने बांधलेल्या या नळ्या १९१० मध्ये सुरू झाल्या आणि प्रत्येकीत एकच मार्गिका आहे. गर्दीच्या वेळी एका दिशेने तासाला जास्तीत जास्त २४ गाड्या त्यांतून जाऊ शकतात. एक नळी बंद पडली तर उरलेल्या नळीतून आळीपाळीने दोन्ही दिशांच्या गाड्या सोडाव्या लागतात आणि ती संख्या सहाच्या आसपास येते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात या नळ्यांत समुद्राचे पाणी शिरले. पाणी उपसले गेले, पण मागे राहिलेले क्षार काँक्रीट, केबल आणि सिग्नलची उपकरणे आजही पोखरत आहेत.

बोगद्यापूर्वी हॅकेनसॅक नदीवर पोर्टल पूल लागतो. तोही १९१० चाच. जहाजाला वाट देण्यासाठी तो मधोमध फिरतो आणि पुन्हा जागेवर येऊन रूळ तंतोतंत जुळावे लागतात. ते न जुळल्यामुळे कर्मचाऱ्यांनी मोठे घण घालून रूळ बसवल्याचे प्रसंग घडले आहेत, आणि तेवढा वेळ देशातील सर्वांत वर्दळीच्या रेल्वेमार्गावरच्या गाड्या जागीच उभ्या राहिल्या आहेत. त्याच्या शेजारी अधिक उंचीचा, न फिरणारा नवा पूल बांधण्याचे काम २०२२ मध्ये हाती घेण्यात आले.

तिसरी अडचण डोक्यावरच्या तारांची आहे. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन या मार्गाचे विद्युतीकरण १९३५ पर्यंत झाले, आणि त्या काळच्या पद्धतीने ताणलेली तार आजही बऱ्याच भागात आहे. नव्या पद्धतीत वजने लावून तारेचा ताण कायम राखला जातो. जुन्या पद्धतीत ती सोय नसल्याने उन्हाळ्यात तार प्रसरण पावून लोंबते आणि गाडीच्या छतावरील पँटोग्राफमध्ये, म्हणजे तारेतून वीज घेणाऱ्या दांड्यात, अडकून तुटते. २०२४ च्या मे-जून महिन्यांत अशा बिघाडांची मालिकाच लागली होती. रूळ आणि तारा अ‍ॅमट्रॅकच्या, अडकलेली गाडी एनजे ट्रान्झिटची, आणि दुरुस्तीच्या पैशांवरून दोघांत वाद, अशा स्थितीत प्रवाशाला पेन स्टेशनच्या मोठ्या फलकाखाली मान वर करून उभे राहावे लागते. गाडी सुटायच्या काही मिनिटे आधी फलाटाचा क्रमांक झळकतो आणि शेकडो माणसे एकदम एका अरुंद जिन्याकडे धावतात. गाडी वेळेवर असतानाही हेच होते, कारण तेथील फलाट इतके चिंचोळे आहेत की लोकांना त्यांवर आधीपासून उभे करता येत नाही.

मग दुसरा बोगदा इतकी वर्षे का झाला नाही?

होणार होता. दोन नव्या मार्गिकांच्या ‘आर्क’ या प्रकल्पाचे काम २००९ मध्ये सुरूही झाले होते. खर्च वाढल्यास तो भार राज्यावर पडेल या कारणास्तव न्यू जर्सीचे तत्कालीन गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये तो रद्द केला. तो प्रकल्प निर्दोष नव्हता. मॅनहॅटनमधील त्याचे खोल स्थानक जुन्या पेन स्टेशनच्या फलाटांना जोडलेले नसल्याबद्दल टीकाही झाली होती. तरीही, तो रद्द होऊन दोन वर्षांतच सँडी वादळ आले, आणि जुन्या नळ्या बंद ठेवून दुरुस्त करण्याची सोय त्या एका निर्णयाने गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सुमारे १६ अब्ज डॉलरच्या हडसन बोगदा प्रकल्पाचे काम २०२३ मध्ये सुरू झाले आहे. नवा बोगदा २०३५ मध्ये आणि जुन्या नळ्यांची दुरुस्ती २०३८ पर्यंत पूर्ण करण्याचे वेळापत्रक आखलेले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने न्यूयॉर्कमधील मोठ्या प्रकल्पांचा निधी रोखण्याची घोषणा केली, त्यात या बोगद्याचाही समावेश होता. पंधरा-वीस वर्षे चालणारे काम दर चार वर्षांनी बदलणाऱ्या राजकीय इच्छेवर टांगलेले असते.

कोविडनंतर नेमके काय बदलले?

कार्यालयात आठवड्यातून दोन-तीन दिवसच जायचे, ही रीत रुजली. मंगळवार ते गुरुवार गाड्या बऱ्यापैकी भरतात, सोमवारी आणि विशेषतः शुक्रवारी त्या रिकाम्या असतात. रेल्वेचा खर्च मात्र सर्वाधिक गर्दीच्या तासावरून ठरतो, कारण तेवढे डबे, तेवढे चालक आणि तेवढे सिग्नल बाळगावेच लागतात. शिवाय मासिक पास हा या संस्थांच्या उत्पन्नाचा कणा होता, आणि आठवड्यातून दोनदा जाणाऱ्याला मासिक पास परवडत नाही.

याचा फटका ज्या संस्था स्वतःच्या पायावर अधिक उभ्या होत्या त्यांनाच जास्त बसला. कॅलट्रेन आपल्या चालनखर्चाचा सुमारे ७० टक्के भाग तिकिटांतून भागवत असे, आणि साथीच्या पूर्वी कामाच्या दिवशी सुमारे ६५,००० प्रवासी तिने जात. तिचे प्रवासी तंत्रज्ञान कंपन्यांत काम करणारे असल्यामुळे ते सर्वांत आधी घरी बसले. केंद्राने तीन कायद्यांद्वारे देशभरातील सार्वजनिक वाहतुकीला सुमारे ६९ अब्ज डॉलर दिले म्हणून या सेवा तगल्या. ती मदत संपत आल्यावर खड्डा पुन्हा उघडा पडला आहे.

तिकीट इतके महाग असूनही खर्च का भागत नाही?

जगात फार थोड्या ठिकाणी उपनगरी रेल्वेचा खर्च केवळ तिकिटांतून भागतो, तेव्हा त्यात गैर काही नाही. अमेरिकेतील खरी अडचण पैशाच्या वर्गवारीत आहे. नवा पूल, नवे डबे यांसाठी भांडवली निधी केंद्राकडून मिळू शकतो. चालकाचा पगार, वीज, स्वच्छता, म्हणजे रोज गाडी धावण्यासाठी लागणारा पैसा, मोठ्या शहरांना केंद्राकडून नियमितपणे मिळत नाही, कारण २ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या नागरी क्षेत्रांसाठी ती मदत १९९८ च्या कायद्याने थांबवण्यात आली. परिणामी नवे स्थानक उभे राहते आणि त्याच वर्षी फेऱ्या कमी होतात. केंद्राचा पेट्रोलवरील करही १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच अडकलेला आहे, आणि त्यातले तीन सेंटसुद्धा सार्वजनिक वाहतुकीच्या वाट्याला येत नाहीत.

फिलाडेल्फियाचे उदाहरण ताजे आहे. २०२५ मध्ये सेप्टाच्या अंदाजपत्रकात २१.३ कोटी डॉलरची तूट होती आणि राज्याच्या विधिमंडळात निधीवर एकमत होईना. ऑगस्टमध्ये फेऱ्यांची कपात सुरू झाली, सप्टेंबरमध्ये भाडे सरासरी २१.५ टक्क्यांनी वाढले, आणि अखेर भांडवली कामांसाठी राखलेला पैसा दोन वर्षे रोजच्या खर्चासाठी वापरण्याची परवानगी देऊन वेळ मारून नेण्यात आली. त्याच वर्षी सेप्टाच्या १९७० च्या दशकातील सिल्व्हरलायनर ४ डब्यांना अनेकदा आगी लागल्या आणि केंद्रीय रेल्वे प्रशासनाला त्यांच्या तपासणीचा आदेश काढावा लागला. जे डबे बदलायला हवेत ते ज्या पैशातून घ्यायचे, तोच पैसा आज विजेवर आणि पगारांवर खर्च होत आहे.

दुपारी आणि रविवारी गाड्या वाढवणे इतके अवघड का आहे?

हा मला या संपूर्ण विषयातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. दिवसभर दर अर्ध्या तासाने गाडी मिळेल याची खात्री असेल तर माणूस डॉक्टरकडे, महाविद्यालयात किंवा मित्राकडेही रेल्वेने जाऊ लागतो. दोन तासांनी एकच गाडी असेल तर ती चुकण्याच्या भीतीनेच तो मोटार काढतो.

पहिला अडथळा रुळांच्या मालकीचा आहे. वॉशिंग्टनच्या दक्षिणेकडे धावणारी व्हर्जिनिया रेल्वे एक्सप्रेस सीएसएक्स आणि नॉरफोक सदर्न या मालवाहतूक कंपन्यांच्या रुळांवर वाढली, आणि तिच्या गाड्या कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच धावत आल्या आहेत. मालगाड्यांतून जागा मिळाल्याशिवाय फेरी वाढवता येत नाही, आणि जागा मिळवायची तर जादा मार्गिका स्वतः बांधून द्यावी लागते. पोटोमॅक नदीवर १९०४ चा दोनच मार्गिकांचा लाँग ब्रिज आहे. त्याच्या शेजारी नव्या पुलाचे भूमिपूजन होण्यासाठी २०२४ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

मिनियापोलिसच्या नॉर्थस्टार मार्गाचे काय झाले ते पाहावे. २००९ मध्ये सुरू झालेला हा मार्ग बीएनएसएफ कंपनीच्या रुळांवर होता, सेंट क्लाउड या मूळ उद्दिष्टापर्यंत तो पोहोचलाच नाही, आणि फेऱ्या मुख्यतः कार्यालयीन वेळेपुरत्याच राहिल्या. साथीनंतर त्याचे प्रवासी परतले नाहीत आणि जानेवारी २०२६ मध्ये तो बंद करण्यात आला. कार्यालयीन वेळेपलीकडे त्या गाडीचा कोणाला फारसा उपयोग नव्हता.

दुसरा अडथळा मनुष्यबळाचा. सकाळी शहरात आलेल्या गाड्या दिवसभर यार्डात उभ्या ठेवायच्या आणि संध्याकाळी परत न्यायच्या, ही पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे, आणि कर्मचाऱ्यांच्या पाळ्या तिच्यावरच बेतलेल्या असतात. अनेक मार्गांवर आजही कंडक्टर प्रत्येक आसनापाशी येऊन तिकीट पाहतो, कागदाच्या रंगीत चिठ्ठीला छिद्रे पाडतो आणि ती समोरच्या आसनाच्या कडेला खोचून पुढे जातो. माणसे मायाळू असतात, नेहमीच्या प्रवाशांना ओळखतात. पण प्रत्येक गाडीत दोन-तीन कंडक्टर लागत असतील तर रविवारी जादा गाडी सोडण्याचा खर्च फार वाढतो. स्थानकातच तिकीट तपासणे किंवा फिरत्या पथकांनी अधूनमधून तपासणी करणे हे उपाय जगभर रुळलेले आहेत, आणि कॅलट्रेनसह अमेरिकेतीलही काही सेवांनी ते स्वीकारले आहेत.

कॅलट्रेनने विजेच्या गाड्या आणल्यावर फरक पडला का?

पडला, आणि तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते सॅन होजे या ५१ मैलांवर डिझेल इंजिनांच्या जागी विजेच्या गाड्या धावू लागल्या. सुमारे २.४४ अब्ज डॉलर खर्च झाले. विजेची गाडी स्थानकातून झपाट्याने वेग घेते, म्हणून प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडीही सुमारे ७५ मिनिटांत पोहोचते, पूर्वी तिला १०० मिनिटे लागत. शनिवार-रविवारी दर अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली आणि आठवडाअखेरचे प्रवासी लगेच वाढले. हे शक्य झाले कारण या पट्ट्यातील रूळ १९९१ मध्येच सार्वजनिक मालकीचे झाले होते.

तरी वाट सोपी नव्हती. अ‍ॅथर्टन या श्रीमंत गावाने २०१५ मध्ये प्रकल्पाविरुद्ध दावा लावला होता, आणि २०१७ मध्ये केंद्राने मंजूर व्हायच्या टप्प्यावरचे ६४.७ कोटी डॉलर काही महिने अडवून धरले होते. आजही कॅलट्रेनची तूट मिटलेली नाही. बे एरियातील मतदारांपुढे विक्रीकराचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२६ मध्ये ठेवण्याची वाट २०२५ च्या एका राज्य कायद्याने मोकळी केली आहे.

स्थानकाभोवती घरांऐवजी मोटारींचे तळ का दिसतात?

कारण स्थानिक नगरपालिकांच्या जमीनवापर नियमांनी पुष्कळ ठिकाणी स्वतंत्र बंगल्याशिवाय दुसरे काही बांधूच दिलेले नाही. न्यू जर्सीतील मेट्रोपार्कसारखे स्थानक तर १९७१ मध्ये महामार्गालगत मोटार ठेवून गाडी पकडण्यासाठीच उभारले गेले. अशा ठिकाणी प्रवाशांची संख्या वाहनतळातील जागांपेक्षा फारशी वाढू शकत नाही, आणि काही गावांत वाहनतळाच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी असते. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला घर स्थानकापासून दोन मैलांवर मिळते, बस नसते, पदपथ मध्येच संपतो, आणि रेल्वे जवळ असून नसल्यासारखी होते.

मॅसॅच्युसेट्सने २०२१ मध्ये कायदा करून एमबीटीएच्या सेवेतील १७७ गावांना अनेक घरांच्या इमारतींसाठी जागा मोकळी करण्यास सांगितले. मिल्टन गावाच्या मतदारांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यानुसार केलेला आराखडा फेटाळला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये कायदा वैध ठरला. आपल्या गावात गर्दी नको, ही भावना समजण्यासारखी आहे. पण सर्वांच्या करातून चालणाऱ्या स्थानकाभोवतीची जमीन मूठभरांसाठीच राखून ठेवणे अन्याय्य आहे.

या गाड्या सुरक्षित आहेत का?

मोटारीच्या तुलनेत निःसंशय सुरक्षित आहेत. सप्टेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ येथे मेट्रोलिंकची गाडी मालगाडीवर आदळून २५ जण मृत्युमुखी पडले. मोबाइलवर संदेश पाठवण्यात गुंतलेल्या चालकाचे लाल सिग्नलकडे लक्ष नव्हते. त्यानंतर चालक चुकल्यास गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा कायद्याने सक्तीची झाली, दोनदा मुदतवाढ मिळाली आणि २०२० च्या अखेरीस ती सर्वत्र बसली. रस्त्यावरची फाटके हा मात्र मोठा धोका उरला आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हॅलहाला येथे फाटकात अडकलेल्या मोटारीवर मेट्रो-नॉर्थची गाडी आदळली आणि सहा जण दगावले. फाटक काढून पूल बांधणे हाच पक्का उपाय आहे. लाँग आयलंडवर तिसरी मार्गिका टाकताना तो केला गेला आणि ते काम २०२२ मध्ये पूर्ण झाले.

बांधकाम इतके महाग का पडते?

लाँग आयलंडच्या गाड्या ग्रँड सेंट्रलखाली नेणाऱ्या प्रकल्पाचा खर्च ११ अब्ज डॉलरच्या वर गेला, आणि ते स्थानक ठरलेल्या मुदतीनंतर दशकाहून अधिक काळाने, जानेवारी २०२३ मध्ये उघडले. गरजेपेक्षा मोठी व खोल स्थानके, एकमेकांचे फलाट वापरू न देणाऱ्या संस्था, स्वतःचे अभियंते कमी करून सल्लागारांवर विसंबण्याची सवय आणि मध्येच बदलणारे आराखडे ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

कर भरूनही गाडी न आलेली शहरे खरोखर आहेत का?

होय. डेन्व्हर परिसरातील मतदारांनी २००४ मध्ये ०.४ टक्के जादा विक्रीकर मान्य केला तेव्हा बोल्डर व लाँगमाँटपर्यंत गाडी नेण्याचे आश्वासन होते. २०१६ मध्ये ती वेस्टमिन्स्टरपर्यंत, म्हणजे जेमतेम सहा मैल, आली आणि तिथेच थांबली. बोल्डरकर तो कर आजही भरत आहेत.

मुंबईची लोकल जमते, मग अमेरिकेला का जमत नाही?

मुंबईच्या लोकलमधून रोज सत्तर लाखांच्या आसपास माणसे जातात, परंतु जीव मुठीत धरून दारात लटकणाऱ्या गर्दीला आदर्श म्हणता येणार नाही. घेण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. तिथे दिवसभर काही मिनिटांनी गाडी मिळते, आणि फलाट उंच व दारे रुंद असल्यामुळे गाडी अर्ध्या मिनिटात रिकामी होऊन भरते. अमेरिकेत अनेक स्थानकांचे फलाट रुळांच्या पातळीचे आहेत, तेव्हा तीन-चार उंच पायऱ्या चढून आत जावे लागते. वृद्ध आईवडील भारतातून आले की ही अडचण प्रकर्षाने जाणवते. चाकाच्या खुर्चीतील प्रवाशासाठी कंडक्टरला फळी टाकावी लागते, आणि प्रत्येक थांब्यावर मिनिट-दीड मिनिट जाते. अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० चा आहे, तरीही ही कामे पुष्कळ ठिकाणी बाकी आहेत.

संप झाला तर काय होते?

मे २०२५ मध्ये एनजे ट्रान्झिटच्या सुमारे ४५० चालकांनी पगाराच्या प्रश्नावर तीन दिवस काम बंद ठेवले. शेजारच्या लाँग आयलंड व मेट्रो-नॉर्थच्या चालकांना जास्त वेतन मिळते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्या काळात एकही रेल्वेगाडी धावली नाही, आणि जादा बसगाड्यांनी नेहमीच्या प्रवाशांपैकी थोड्याच लोकांची सोय होऊ शकली. प्रशिक्षित चालक तयार व्हायला बराच काळ लागतो, म्हणून ते टिकवून ठेवणे हा प्रवाशांच्याही हिताचा विषय आहे.

सामान्य प्रवाशाने आपले म्हणणे कोठे मांडावे?

भाडेवाढीपूर्वी आणि मोठ्या कपातीपूर्वी संस्थेला जनसुनावणी घ्यावी लागते. तेथे प्रत्यक्ष किंवा लेखी म्हणणे मांडता येते आणि त्यासाठी नागरिकत्व लागत नाही. संचालक मंडळाच्या बैठका खुल्या असतात. अनुदानाचे निर्णय राज्याच्या विधिमंडळात होतात, तेव्हा आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला आपले स्थानक आणि आपली गाडी यांची नेमकी नावे देऊन कळवावे. स्थानकाजवळ घरे, पदपथ आणि सायकलींसाठी जागा हवी असेल तर नगरपालिकेच्या नियोजन मंडळाची बैठक गाठावी. या बैठका बहुधा संध्याकाळी सातच्या सुमारास असतात, आणि तेथे बोलणारे लोक फार थोडे असतात.